शिशाबाहेरचे दोन दिवस

मी एक जुनी पोलादी कुपी आहे, करंगळीच्या पेराएवढी. माझ्या पोटात सिझियम भरले आहे. मित्रांनो, मला पाहायला कुणी जवळ येत नाही, आणि तेच बरे आहे.

माझ्या आत सतत मारामारी चालते. सिझियमचा अणू मोडून त्याचा बेरियम होतो, पण त्या नव्या अणूचा गाभा रागाने धुमसत असतो. बहुतेक वेळा तो राग गॅमा किरण होऊन सुसाट बाहेर पडतो. कधी मात्र गाभा सगळा जोर अगदी आतल्या कक्षेतल्या इलेक्ट्रॉनवरच काढतो आणि तो गोळीसारखा बाहेर फेकला जातो. त्याच्या रिकाम्या जागी वरचा इलेक्ट्रॉन कोसळतो आणि क्ष-किरणाची ठिणगी उडते.

गेवराईकडच्या एका सहकारी साखर कारखान्यात मला शिशाच्या पेटीत घालून रसाच्या नळावर बसवले होते. पलीकडे किती किरण पोचले, त्यावरून रसाचा दाटपणा कळे. बाकीचे किरण शिशावर आदळत, त्याच्या अणूंमधले आतले इलेक्ट्रॉन उखडत आणि तिथेच संपत. यंत्रावरचा शहादेव म्हणे, "लई इमानदार हाय ही पेटी."

मग दुष्काळ पडला. ऊस वाळला, कारखाना बंद झाला. मला एका खोलीत टाकले ते टाकलेच.

एका दुपारी शहादेवचा मावसभाऊ बिभीषण कुलूप तोडून आत आला. त्याला शिसे विकायचे होते. त्याने घणाचे घाव घातले. पेटी फुटली, मी फरशीवर घरंगळले. चकाकती वस्तू पाहून त्याने मला विजारीच्या खिशात टाकले.

आता मध्ये शिसे नव्हते. माझे किरण त्याच्या मांडीत घुसले, मांसातल्या अणूंचे इलेक्ट्रॉन उडवत सुटले. त्याला काहीच दुखले नाही. दुसऱ्या दिवशी मात्र मांडी लाल झाली, त्याला उलट्या सुरू झाल्या. "ऊन लागलं असंल," त्याची आई छबुबाई म्हणाली. त्याने हसत मला खिशातून काढले आणि तान्ह्या लेकीच्या पाळण्याला खेळणे म्हणून बांधायला दोरा घेतला.

तेवढ्यात शहादेव धावत आला. त्याने फुटलेली पेटी पाहिली होती आणि भावाने शिसे विकल्याचे भंगारवाल्याकडून ऐकले होते.

"आरं, फेक ते! पोरीला मारतो का?"

"माझ्या घरात वरडायचं न्हाई!" बिभीषणने त्याच्या तोंडावर ठोसा मारला. शहादेवचा ओठ फाटला. तरी त्याने भावाला भिंतीवर ढकलले. मी खाली पडले. "मावशे, लेकरू घेऊन लांब पळ!" शहादेव ओरडला. लांब दांड्याच्या खोऱ्याने मला उचलून त्याने आडात टाकले. दुष्काळाने आड कोरडाठाक होता.

शहादेवने कळवल्यावर सरकारी माणसे आली. लांब चिमट्याने त्यांनी मला नव्या शिशात बंद केले. छबुबाईने त्यांनी बांधलेल्या दोरीपलीकडून माझ्यावर दगड भिरकावला. "माझ्या लेकाचा पाय खाल्लास!" ती किंचाळली. खरेच, पुढे मांडीची जखम भरेना म्हणून डॉक्टरांना बिभीषणचा पाय कापावा लागला. लेकीला मात्र काही झाले नाही.

मित्रांनो, मला राग आवरता येत नाही. तो माझा जन्मधर्म आहे. म्हणून मला बेवारस टाकू नका. पिवळ्या पाटीवर तीन काळी पाती, म्हणजे किरणांच्या धोक्याची खूण, दिसली, तर हात लावू नका. मागे सरा आणि ओरडून सगळ्यांना सांगा. कुणी तोंडावर ठोसा मारला, तरी सांगा.