शक्ती स्टुलावर उतरत नाही

सभागृहातल्या झाडून सगळ्या लोकांचे हात वर जाऊ लागले, आणि ते कुणीही वर करत नव्हतं! निदान ज्याची त्याची तशी खात्री होती. पोस्टमन, शाळेच्या मुख्याध्यापिका, बँकेतले लठ्ठ कॅशियर, सगळे आपापल्या खुर्चीपुढे डोळे मिटून उभे, आणि त्यांचे हात आपले दोन्ही बाजूंनी हळूहळू वर. उडायच्या तयारीतल्या कोंबड्या जशा.

"उतरली!" व्यासपीठावरून श्वासमहाराज गरजले. "शक्ती उतरली! आता तिला अडवू नका!"

सलूनवाल्या काकूंना अडवण्यासारखं काही नव्हतंच. त्या नवऱ्याची काठी सांभाळत भिंतीशी उभ्या होत्या आणि एकाच हाताकडे बघत होत्या. काकांचा उजवा हात. या हातानं काकांनी अर्ध्या गावाच्या दाढ्या केल्या होत्या. पक्षाघाताचा झटका आला आणि तो हात नुसता अंगाला लटकून राहिला. आज तोच हात, इतरांसारखा खांद्यापर्यंत नव्हे पण चांगला वीतभर, आपण होऊन वर आला. काकूंना रडू आलं. एरवी त्या महाराजांचा मनातल्या मनात उद्धार करत होत्या, तरीही आलं.

महाराजांची रीत अगदी सोपी होती. बाजूंना दांडे असलेल्या अरुंद खुर्च्या, दांड्यांच्या आत ठासलेल्या उशा. मधे अंग कोंबून बसायचं, डोळे मिटायचे, श्वासाकडे लक्ष द्यायचं आणि दोन्ही हातांच्या पाठीनं उशा बाहेर ढकलायच्या.

"त्या उशा नाहीत, तो तुमचा अहंकार आहे! ढकला बाहेर! कॅशियरसाहेब, तुमचा जरा जास्त आहे, जोर लावा! थांबू नका, अजून शिल्लक आहे!" असं बराच वेळ चालायचं. लोक घामाघूम झाले की महाराज म्हणायचे, "आता उठा. सगळं सोडून द्या." मग हात वर.

इथवर गंमत होती. पुढे एक परात फिरायची.

"गोळ्या टाका यात," महाराज सांगायचे. "गोळी म्हणजे परकी शक्ती. ती आत असली की ही रुसते." काकांनी बीपीच्या गोळ्यांचं अख्खं पाकीट परातीत टाकलं आणि काकूंचे डोळे जागच्या जागी कोरडे झाले.

घरी आल्यावर वाजलंच.

"अहो, डॉक्टर काय म्हणाले होते? गोळी चुकली तर दुसरा झटका येईल म्हणाले होते ना?"

"अगं, डॉक्टरांनी माझा हात वर केला का? महाराजांनी केला!"

"आणि व्यायामाच्या बाई? त्यांच्याकडे उद्या जायचंय."

"त्या काय करतात? टेबलावर फडकं ठेवतात आणि पुसायला लावतात. मी सलूनवाला आहे, मोलकरीण नाही. नाहीतर म्हणतात, डोळे मिटा, श्वास बघा, हात कसा वाटतोय ते बघा. कसा वाटणार? मेल्यासारखा वाटतो!"

इस्पितळातल्या त्या वर्गात काकूही बसत असत. झटक्यातून उठलेली माणसं गोल करून बसायची. बाई सांगायच्या, मन भलतीकडे गेलं तर रागावू नका, त्याला परत श्वासावर आणा. भीती वाटली तर भीती वाटतेय एवढं ओळखा. यानं हात जागा होईल असं त्या चुकूनही म्हणत नसत. कंटाळवाणा प्रकार होता खरा. पण त्या वर्गातून आलं की काका त्या दिवशी जेवणाच्या ताटावर चिडत नसत, आणि हे काकूंच्या लक्षात होतं.

दुसऱ्या दिवशी त्या दुकान झाडायला गेल्या. दुकान बंदच होतं, पण धूळ बसू द्यायची नाही असा त्यांचा हट्ट. झाडून झाल्यावर त्या फिरत्या खुर्चीत टेकल्या, तेवढ्यात पोस्टमन दारात हजर.

"काकू, काकांनी गोळ्या सोडल्या, फार चांगलं केलं! माझ्या आईनंही सोडल्या. साखरेच्या आजारावरच्या होत्या. आणि त्या व्यायामवाल्या बाईंना म्हणावं, आता तुम्हीच या महाराजांकडे शिकायला!"

काकूंच्या मस्तकात तिडीक गेली. पण सकाळी सकाळी कुणाला बोलायचं नाही म्हणून त्या गप्प राहिल्या, आणि सगळा राग त्यांनी खुर्चीवर काढला. दोन्ही दांड्यांना आतून मनगटं टेकवून त्या असा काही रेटा देत बसल्या की जणू खुर्ची फाडायची आहे. पोस्टमनला थांबायचं माहीतच नव्हतं. शेवटी काकूंना राहवेना. त्याला दुकानाबाहेर काढायला त्या ताडकन उठल्या.

आणि त्यांचे दोन्ही हात हळूहळू वर गेले.

"काकूऽऽ!" पोस्टमननं पिशवी टाकून त्यांचे पायच धरले. "तुमच्यावर कृपा झाली!"

"कृपा नाही, तुझा राग आलाय मला! ऊठ आधी!" काकू ओरडल्या, पण हात काही खाली येईनात. त्या घाबरल्या. मग खुर्चीकडे बघितलं, दांड्यांकडे बघितलं, आणि पुन्हा बसल्या. पुन्हा रेटा, पुन्हा उठल्या, पुन्हा हात वर. तिसऱ्यांदा त्यांनी फक्त डावा हात रेटला. डावाच वर आला. उजवा गुमान खाली.

त्या तडक इस्पितळात गेल्या.

सगळं ऐकून व्यायामाच्या बाई हसल्या. "काकू, दाराच्या चौकटीत उभ्या राहून करा, तिथेही होईल. स्नायू बराच वेळ एकाच दिशेनं रेटला की सोडल्यावरही तो काही क्षण आपलं काम चालू ठेवतो. ढकलणं थांबलं हे त्याला उशिरा कळतं. कुणाच्याही बाबतीत होतं."

"म्हणजे यांचा हातही तसाच उठला?" काकूंचा आवाज पडला. मनाच्या कोपऱ्यात त्यांनाही तो चमत्कार हवाच होता.

बाईंनी उत्तर दिलं ते ऐकून काकूंनी त्यांचे हातच धरले. मग बाई गंभीर झाल्या. "काकांना आजच डॉक्टरांकडे आणा. बीपी मोजायलाच हवं."

काका यायला तयार होईनात. "महाराज सांगतील तरच," म्हणाले. काकू म्हणाल्या, "चला, त्यांनाच विचारू." आणि दुकानातलं बिनदांड्याचं स्टूल काखेत मारून निघाल्या.

सभा भरली होती. काकूंनी स्टूल व्यासपीठासमोर ठेवलं.

"महाराज, आज यांना यावर बसवा."

महाराजांनी स्टुलाकडे साप पाहावा तसं पाहिलं. "माई, शक्ती स्टुलावर उतरत नाही."

"का? उंची कमी पडते?"

मागून कुणीतरी खुदकन हसलं. महाराज म्हणाले, "आसन सिद्ध लागतं."

"मग माझ्या दुकानातली खुर्ची भलतीच सिद्ध आहे! कॅशियरसाहेब, बसा तुमच्या खुर्चीत. आज अहंकार फक्त डाव्या बाजूचा ढकला. उजवा राहू द्या, लागेल बँकेत."

कॅशियर भाबडे होते, त्यांनी ढकलला. उठले तर डावाच हात वर. मुख्याध्यापिकांनी उजवा करून पाहिला, उजवाच वर. मग सगळं सभागृह खुर्च्या, भिंती आणि दाराच्या चौकटी रेटू लागलं, आणि ज्याचा त्याचा हात हुकमाप्रमाणे वर येऊ लागला. "शक्तीला डावं-उजवं कळतं का हो?" असं विचारायला लोक वळले, तर महाराज मागच्या दारानं पसार.

आता लोक धावले परातीकडे! पोस्टमननं हाताला लागेल ते पाकीट उचललं, कॅशियरांनी दुसरं.

"ठेवा ते खाली!" काकू किंचाळल्या. "कुणाची गोळी कुणाच्या पोटात घालताय? पोस्टमन, ती साखरेची आहे का गर्भारपणातली, ठाऊक आहे का तुला? आत्ता फसलात ना न विचारता? मग परत न विचारता काय गिळताय? आईला घेऊन डॉक्टरकडे जा!" पोस्टमननं मान खाली घालून पाकीट ठेवलं. सगळे इस्पितळाच्या रस्त्याला लागले.

एकटे काका खुर्चीत बसून होते. चेहरा एवढासा झाला होता.

"म्हणजे हात काही उठला नव्हता तर," ते म्हणाले. "मेला तो मेलाच."

काकू त्यांच्यापुढे बसल्या. "अहो, ऐका. बाई काय म्हणाल्या सांगू? मेलेल्या हातानं उशी ढकलता येत नाही. जो आधी ढकलतो तोच मागून वर येतो. तुमच्या खांद्यानं ढकललं म्हणून तो उठला. आणि ढकलण्याचं बळ कुठून आलं? ते फडकं पुसून पुसून आलं! बोटांचं बाईंनी वचन दिलेलं नाही. वस्तरा धराल की नाही, त्यांनाही सांगता येत नाही. पण खांदा तुमचा आहे. कुणी दिलेला नाही, तुम्ही मिळवलाय."

 काकांनी डोळे मिटले, आणि काकूंनी पाहिलं, ते नुसते श्वास घेत होते.

"कसं वाटतंय?"

"भीती वाटतेय," काका म्हणाले. झटका आल्यापासून हे ते पहिल्यांदाच बोलत होते. "चल. आधी बीपी मोजू."

वाचकहो, शांत बसण्यात खोटं काही नाही. आजारी माणसाला आपली भीती ओळखता आली तर त्याचं ओझं हलकं होतं, आणि तेवढंही पुष्कळ आहे. पण कुणी त्या शांततेच्या बदल्यात तुमचं औषध मागू लागला, तर डोळे उघडा आणि विचारा, हे स्टुलावर बसून होईल का?