भागूबाई आल्या

२०२३ सालच्या फेब्रुवारीत, खालापूरच्या सरकारी कचेरीत, द्वारकाबाईंनी टेबलावर हात टेकून ते नाव पुन्हा सांगितलं. कारकुनाने समोरची यादी सरळ त्यांच्याकडेच फिरवली.

"आजी, तुम्हीच बघा. स्वातंत्र्यसैनिकांत ही बाई नाय. मी कुठून आणू?"

द्वारकाबाईंनी बोट लावून यादी वरपासून खालपर्यंत वाचली. मग आडनावांवरून वाचली. मग पिशवीतून भिंग काढलं, तेव्हा कारकुनाने पंखा वाढवला आणि तो जेवायला निघून गेला.

भागूबाई तिथेही नव्हत्या. पोलिसांच्या जुन्या कागदांत नव्हत्या, शाळेच्या दप्तरात नव्हत्या, कुठल्या सभेच्या वृत्तांतात नव्हत्या. होत्या त्या फक्त शरच्चंद्रांच्या रोजनिशीत, आणि तिथे मात्र सारख्या येत होत्या.

कर्जतच्या वाचनालयाला त्या वर्षी शंभर वर्षं पूर्ण होत होती. शरच्चंद्र हे शाळेचे हेडमास्तर आणि चाळीसच्या दशकात वाचनालयाचे चिटणीस. त्यांच्या रोजनिश्या पुतण्याच्या माळ्यावर सापडल्या, आणि आजचा चिटणीस यज्ञेश याने त्या जुन्या सभांच्या वृत्तांतासह शताब्दी ग्रंथात छापायचं ठरवलं. त्यात जी माणसं येतात ती कोण, याच्या टिपा लिहायचं काम द्वारकाबाईंकडे आलं. त्यांनी कर्जतच्या शाळेत जन्मभर मराठी शिकवलं होतं. ऐंशीला टेकल्या तरी कोणाचं घर कुठल्या गल्लीत होतं आणि कोणाची सून कुठली, हे त्यांना विचारावं लागत नसे.

आणि माणसं सापडलीही. देवी टोचायला येणारा डॉक्टर सापडला. टांगेवाला कोंडाजी सापडला, त्याच्या घोड्याचं नावसुद्धा सापडलं. वाचनालयाचं पुस्तक नेऊन परत न करणारे एक मामलेदार सापडले. त्यांचा नातू फोनवर अजून ओशाळला. अडलं ते भागूबाईंपाशी.

'भागूबाई आल्या.' चार दिवसांनी, 'भागूबाई गेल्या.' एवढंच. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. एकदाच काय ते, 'भागूबाईंना कोंडाजीच्या टांग्यातून चौकला पोचते केले.' का आल्या, कशाला आल्या, शरच्चंद्रांनी एका अक्षराने लिहिलं नव्हतं. शाईची दौत कितीला आणली हे लिहिणारा माणूस.

या मौनातूनच यज्ञेशने अर्थ काढला होता. बेचाळीसची धामधूम, महिन्याच्या महिन्याला खालापूर तालुक्यातल्या चौक गावाहून येणारी बाई, आणि तिच्याबद्दल सावधपणे न लिहिणारा हेडमास्तर. निरोप पोचवणारी असणार. बऱ्याच महिन्यांत तिच्या येण्याच्या आसपास चांदणं होतं, हेही त्याने पंचांगावरून ताडलं. मधले काही महिने ती आलीच नाही, म्हणजे तुरुंग. स्थानिक पेपरात त्याने तसा लेख दिला आणि आठवड्याभरात चौकहून मनोज नावाच्या खानावळवाल्याचा फोन आला. भागूबाई त्याची आजी. आजी कर्जतला हेडमास्तरांकडे जायची, हे त्याने वडिलांच्या तोंडून ऐकलं होतं. यज्ञेशने समारंभात त्याचा सत्कार ठरवून टाकला. आता फक्त टीप हवी होती, आणि टिपेखाली आधार.

"बाई, तुम्हाला नक्की सापडेल," तो म्हणाला होता. तो त्यांचा विद्यार्थी. शाळेतही त्याला उत्तर आधी आणि गणित मागाहून सुचायचं.

खालापूरहून निघून द्वारकाबाई चौकला उतरल्या. जुन्या हायवेला लागून मनोजची खानावळ होती. पन्नाशीचा मनोज स्वतः पोळ्यांवर लक्ष ठेवून होता. त्याने त्यांना भिंतीकडच्या टेबलावर बसवलं, पैसे घ्यायचे नाहीत असं पोराला बजावलं आणि वर आमटीची वाटी आणून ठेवली. आजी त्याचे वडील लहान असतानाच विधवा झाली, एवढं त्याला माहीत होतं. फोटो नव्हता. कागद नव्हता.

"कुठं जाते ते कोणाला सांगायची नाही," तो म्हणाला. "निरोप आला की तशीच निघायची. बाबांना शेजारी ठेवून."

दहावीतली त्याची मुलगी आरोही क्लासला निघाली होती. तिला थांबवून त्याने भाषण म्हणायला लावलं. शाळेत तिला त्यावर पहिलं बक्षीस मिळालं होतं. काळोखातून डोंगरवाटेने जाणारी पणजी, पदरात लपवलेला निरोप. गिऱ्हाइकांनी हातचा घास थांबवून ऐकलं. एक ड्रायव्हर म्हणाला, "मनोजशेठ, आता पाटी लावा भाईर. आमी पण सांगू, सैनिकाच्या घरी जेवलो."

मनोज हसला, पण त्याची नजर द्वारकाबाईंकडे होती. "पुस्तकात येईल ना, बाई? पोरीचं कसंय, आता सगळ्या शाळेला ठाऊक झालंय."

द्वारकाबाईंनी आमटी संपवली. फार चांगली आमटी होती. त्यांना उगाच राग आला. यज्ञेशचा, कारकुनाचा, आणि त्या मेलेल्या हेडमास्तरांचा सर्वांत जास्त. एक ओळ लिहिली असती तर काय बिघडलं असतं?

घरी आल्यावर त्यांनी जुन्या कॅलेंडरची पानं उलटी करून त्यावर महिने आखले आणि भागूबाईंच्या येण्याजाण्याच्या तारखा पेन्सिलने गोल करून मांडल्या. बाजाराचे दिवस जुळतात का, सभांच्या तारखा जुळतात का, ते पाहायचं होतं. काहीच जुळेना. संध्याकाळी सून श्रद्धा मोहोपाड्याहून कामावरून आली. तिने कॅलेंडरची पानं सरकवून डबा ठेवला आणि तशीच वाकून बघत राहिली.

"आई, हे कुणाचं?"

"भागूबाईंचं."

"त्यांनी लिहून ठेवलं होतं? त्या काळात?"

"काय लिहून ठेवलं होतं?"

"पाळीचं," श्रद्धा म्हणाली. "माझ्या मोबाइलमध्ये अस्संच दिसतं. चार दिवस, मग पुढचा महिना. आणि हे बघा, इथे दिवस राहिलेत. पाच महिने काहीच नाही."

द्वारकाबाईंनी पेन्सिल खाली ठेवली. म्हणाल्या, "भागूबाईंची नव्हे गं."

श्रद्धाला कळलं नाही. कळायचं कारणही नव्हतं. ती या घरात आली तोवर मागची खोली धान्याची झाली होती. द्वारकाबाई नवी सून म्हणून आल्या तेव्हा पाळीचे चार दिवस त्याच खोलीत घोंगडी आणि तांब्या घेऊन बसायच्या, आणि शेजारच्या गोदूवहिनी स्वयंपाकाला यायच्या. द्वारकाबाई बाजूला बसल्या आहेत, असं घरातल्या पुरुषांनी कधी म्हटलं नाही. बाहेर ओट्यावर कोणी विचारलंच तर त्यांचे यजमान म्हणायचे, "आज गोदूवहिनी आल्यात." विचारणारा मान हलवायचा. सगळ्यांना समजायचं.

गावातल्या घोड्याचं नाव त्यांना आठवलं होतं, आणि हे आठवलं नव्हतं.

त्यांनी रोजनिश्या पुन्हा उघडल्या. पाच महिने भागूबाई आल्या नाहीत, त्यानंतरच्या एका दिवशी लिहिलं होतं, 'वाचनालयाची सभा तहकूब.' दुसऱ्या दिवशी, 'भागूबाई आल्या.' त्या वेळी त्या चांगल्या महिनाभर राहिल्या. बारशाची नोंद कुठे नव्हती; मग पुन्हा महिन्याच्या महिन्याला. दोन वर्षांनी तसंच. येणं थांबलेलं, सभा तहकूब, भागूबाई आल्या. त्यानंतर पानं संपेपर्यंत त्यांचं येणं एकदाही चुकलं नव्हतं.

आता द्वारकाबाई दुसऱ्याच बाईला शोधू लागल्या. रोजनिशीत शरच्चंद्रांची पत्नी एकदाही नव्हती, 'घरी' हा शब्द होता. वाचनालयाने बायकांसाठी हळदीकुंकू केलं, त्याच्या वृत्तांतात आलेल्यांची नावं होती. यजमानीण म्हणून 'सौ. चिटणीस' एवढंच. त्यांनी पुण्याला पुतण्याच्या मुलाला फोन लावला.

"मोठी काकू म्हणायचे सगळे," तो म्हणाला. "मूलबाळ नव्हतं त्यांना. नाव... बाबांना ठाऊक असणार, पण ते गेले. माहेर बहुतेक पेणकडचं. की अलिबाग? कशासाठी हवंय?"

समितीच्या बैठकीत द्वारकाबाईंनी सगळं सरळ सांगितलं. सांगताना आवाज शाळेतला लागला. ऐकणारे सहाही पुरुष. एकाने मोबाइल उघडला, एक पंख्याकडे पाहू लागला. यज्ञेश पेनाचं टोपण काढत-घालत होता.

"बाई, मी नाकारत नाही. पण याला पुरावा काय?"

"मी बसलेय तशा खोलीत. आणखी काय देऊ?"

"हे ग्रंथात छापायचं? शताब्दीच्या?"

"तुरुंग छापणारच होतास की."

कोणीतरी खोकलं. यज्ञेशने आवाज खाली आणला. पाहुणे ठरले होते, पत्रिका गेल्या होत्या, ती मुलगी मंचावर बोलणार होती. मग तो अगदी नम्रपणे म्हणाला, "त्या माणसाला हे कोण सांगणार, बाई? तुम्ही सांगाल?"

त्याला वाटलं होतं, त्या गप्प बसतील. दुसऱ्या दिवशी दुपारची गर्दी ओसरल्यावर द्वारकाबाई चौकला उतरल्या.

मनोजने ऐकून घेतलं. मध्ये एकदा पार्सल न्यायला कोणी आलं, त्याला डबा बांधून दिला, सुटे दिले आणि परत येऊन बसला.

"म्हणजे स्वयंपाकाला," तो म्हणाला.

"हो."

"लोकांच्या घरी."

"एकाच घरी. तिथल्या बाईचं अडलं की."

त्याने टेबलावरचं पाणी हाताने पुसलं, पुसलेल्या जागेवरून पुन्हा हात फिरवला. पोरीला काय सांगायचं, असं तो विचारेल म्हणून द्वारकाबाई मनातल्या मनात वाक्यं जुळवत होत्या.

"बाबा सांगायचे," तो म्हणाला, "एकदा आई कर्जतला राहिली ती महिनाभर. परत आली आणि चुलीपुढे बसून राहिली. विचारलं तर बोलेना. कोणाचं नाव घेईना. आम्हाला वाटलं, चळवळीतलं गुपित असणार." त्याने मीठदाणी जागेवर सरकवली. "त्या बाईंचं नाव काय होतं हो?"

द्वारकाबाईंनी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला.

"नाही सापडलं," त्या म्हणाल्या.

ग्रंथ मे महिन्यात निघाला. यज्ञेशने तुरुंग काढला, द्वारकाबाईंची टीपही काढली, आणि भागूबाईंच्या नावापुढे 'ओळख पटली नाही' असं छापलं. सत्कार झाला नाही. पुढच्या वर्षी यज्ञेश वाचनालयाचा अध्यक्ष झाला; रस्त्यात भेटला की अजून वाकून नमस्कार करतो. आरोही आता पनवेलला कॉलेजात जाते, भाषणं करत नाही, निदान ते तरी करत नाही. मनोजने खानावळीवर नवी पाटी लावली, 'भागूबाईंची खानावळ'. खाली दुसरं काही लिहिलेलं नाही. ड्रायव्हर विचारतात तेव्हा तो सांगतो, आजी उत्तम स्वयंपाक करायची. श्रद्धाची बदली झाली, ती आणि मुलगा पुण्याला गेले. द्वारकाबाई गेल्या वर्षी पडल्या, तेव्हापासून घरातच असतात.

ग्रंथाची त्यांची प्रत उशाशी आहे. शेवटी व्यक्तिसूची आहे, त्यात भागूबाईंपुढे पानांचे आकडे छापले आहेत. त्या ओळीखालच्या अरुंद जागेत द्वारकाबाईंनी पेन्सिलने एक रेघ मारली आहे, नावापुरती मोकळी, आणि तिच्यापुढे तेच आकडे पुन्हा लिहिले आहेत.