हालरड्याची नोटीस

वकील हर्षिदाबेननी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे त्याने लग्नाचं वचन दिलं होतं."

"नाही. मीही मागितलं नव्हतं."

"बेटा, नीट आठव."

"आठवूनच सांगतेय."

त्यांनी पेन खाली ठेवलं. राजकोटच्या कोर्टासमोरच्या त्या खोलीत माझ्यासारख्या मुली रोज येत असाव्यात, आणि बहुतेकींना आठवत असावं.

मौलिक आणि मी चार वर्षं एकत्र राहिलो. पहिल्या बायकोपासून त्याचा घटस्फोट रखडलेला, म्हणून आमच्याकडे करतात तसा स्टँपपेपरवर मैत्रीकरार केला होता. दोघे सज्ञान, दोघांची राजीखुशी. शेवटच्या आजारात बा, माझी आई, आमच्याच घरी होती. मी ऑफिसात असे. दुपारी तिला झोप लागत नसे, तेव्हा मौलिक शेजारी बसून तिला गायला लावी. तिच्या आईचं एक हालरडं होतं, बरडा डोंगराकडच्या गावातली अंगाई. कुठल्याच पुस्तकात मला ती सापडलेली नाही. त्याने ती फोनवर रेकॉर्ड केली होती. बा गेली. बेसण्याच्या, म्हणजे शोकसभेच्या, दुसऱ्या दिवशी आमचं कडाक्याचं भांडण झालं आणि मौलिकही गेला. मला तेवढं रेकॉर्डिंग हवं होतं.

"मागितलंस?"

"मागितलं. म्हणाला, बेसण्याला आलेल्या लोकांसमोर तुझ्या मामाने मला भाडेकरू म्हटलं, तू ऐकत उभी राहिलीस. भाडेकरू जाताना आपलं सामान घेऊनच जातो."

"जीभ बरी आहे मेल्याची!" हर्षिदाबेन हसल्या. "बरं, मारहाण केली? धमकी दिली? तुझे फोटो कुणाला पाठवले?"

"नाही. काहीच नाही."

"मग मी काय त्याच्या स्वभावावर केस घालू? तुमचा करार कोर्टात पापडाइतका टिकत नाही. दिवाणी दावा लावायचा तर हे बघ, माझे केस पिकलेत, तुझेही पिकतील. राहिलं एकच. लग्नाचं आमिष. एक फिर्याद दे, संध्याकाळी फोन ताटात ठेवून तुझ्या दारात उभा राहील."

"पण ते खोटं आहे."

"खोटं कसलं? नुसती भीती घालायची."

"बेन, तो माझ्या बाचे केस विंचरायचा. त्याला मी तुरुंगाची भीती घालू?"

"तर मग राखी बांध त्याला!" त्या वैतागून म्हणाल्या.

शेवटी त्यांनी साधी नोटीस काढली. दिवंगत आईच्या आवाजाची प्रत मिळावी, एवढीच. "वकिली गेली माझी अंगाईत," असं पुटपुटत सही केली.

नोटीस पोचली तशी मौलिकने फोन केला. मी ऑफिसच्या जिन्यात जाऊन घेतला.

"एवढंच?" तो म्हणाला. "ती दुसरी केस नाही?"

"कुठली दुसरी?"

"तुला माहीत आहे कुठली. आपलं मोडल्यावर माझा वकील पहिल्याच दिवशी म्हणाला, मुली हेच करतात. तिचं जे जे फोनमध्ये असेल ते पुसून टाक. मी पुसलं, झंखना. फोटो, मेसेज, सगळं. बेल वाजली की वाटायचं, पोलीस आले."

"ते मेसेजच तुझ्या बाजूने बोलले असते, मूर्खा."

"आता कळतंय."

"आणि बाचं?"

"शेवटी तुझा आवाज होता त्यात. तू दारातून येतेस आणि विचारतेस, औषध दिलं का. म्हणून तेही."

जी फिर्याद मी दिली नाही, तिच्याच भीतीने बाचा आवाज गेला होता. कुणावर ओरडायचं, तेही सुचेना.

"मला पाठ आहे ते," तो हळूच म्हणाला. "म्हणू?"

फोन ठेवून द्यावा असं फार वाटलं.

"म्हण."

त्याचा आवाज पहिल्यापासूनच बेसूर. दुसऱ्या ओळीत तो अडखळला, मागे गेला, आणि एक शब्द ठोकून दिला. तो बाचा शब्द नव्हता, एवढं मला कळलं. तिचा कुठला होता, ते मला येत नव्हतं.

"परत म्हण," मी म्हणाले. "दुसरी ओळ. सावकाश."