बाईंच्या अ‍ॅम्पमधली शिट्टी

बाई तिसऱ्यांदा दारात दिसल्या तेव्हाच माझं अर्धं अवसान गळालं. त्यांनी दोन्ही हातांनी अ‍ॅम्प उचलून माझ्या टेबलावर ठेवला, दम घेतला आणि म्हणाल्या, "काका, शिट्टी तशीच आहे."

बाई म्हणजे गिटार शिकवणाऱ्या बाई. त्यांच्याकडे तीसएक मुलं शिकतात आणि कुणाच्याही वाद्यात काही बिघडलं की बाई माझ्याकडेच पाठवतात. हा अ‍ॅम्प म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारा डबा, त्यांच्या तरुणपणापासूनचा, जुन्या पद्धतीचा, व्हॉल्व्हचा. आत काचेचे पाच व्हॉल्व्ह, चालू केल्यावर मिनिटभराने तापून लालसर होणारे. असा अ‍ॅम्प दुरुस्त करणारे आता राहिलेत किती? मी आहे, अजून एक-दोन असतील कुठे.

पहिल्यांदा आणला तेव्हा तो नुसता घुरघुरत होता. ते मला रस्त्यावरूनही ऐकू आलं असतं. जुने कंडेन्सर फुगले होते, ते बदलले, घुरघुर गेली. शिवाय आतल्या वायरी कुणी कशाही वेड्यावाकड्या सोडल्या होत्या, त्या मी सरळ करून, एकीशेजारी एक लावून, दोऱ्याने छान बांधून दिल्या. माझं काम उघडून बघितलं तर बघत राहावं असं असतं, हे मीच सांगतो, कारण दुसरं कुणी उघडून बघत नाही.

आठवड्याने बाई परत. म्हणे बारीक शिट्टी वाजते. मी अर्धा तास कान लावून बसलो. शिट्टी कसली नि काय. पण बाईंचं समाधान व्हावं म्हणून दोन व्हॉल्व्ह बदलले, सॉकेट साफ केले, दिला परत. आणि आता हे तिसऱ्यांदा.

"बाई, मला तर काही ऐकू येत नाही," मी म्हणालो.

"मला येतं. मुलांनाही येतं."

"जुन्या अ‍ॅम्पला थोडी खरखर असणारच."

"खरखर मला कळते, काका." त्या चिडल्या नव्हत्या, हे जास्त वाईट. "मी पाचला येते. तोपर्यंत गेली तर गेली. नाहीतर अ‍ॅम्प घेऊन जाईन, आणि मुलांनी विचारलं तर खरं ते सांगेन. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून दोन आठवडे गप्प बसले."

त्या गेल्या. मी खुर्चीत बसून राहिलो. या धंद्यात लोक मला 'कान' म्हणतात. 'कानाकडे घेऊन जा,' असं सांगतात एकमेकांना. मीटर, पडद्यावर रेघा दाखवणारं यंत्र, सगळं आहे माझ्याकडे, फडक्याखाली झाकलेलं. मला लागत नाही. मी पेन्सिलीने व्हॉल्व्हवर टिचकी मारतो आणि आवाजावरून सांगतो कुठला गेला. चाळीस वर्षं हेच केलंय. तेच नाव आज पाचपर्यंत राहतंय की जातंय, असा प्रश्न होता.

सकाळचे नऊ वाजले. बायको शेजारच्या खोलीतून गोळी आणि पाण्याचा पेला घेऊन आली. त्या खोलीत तिचं शिवणकाम चालतं, मध्ये पातळ भिंत. रक्तदाबाची गोळी ती रोज नऊला आणते, एक मिनिट मागेपुढे नाही. लेकीने यासाठी मला गजर वाजणारं घड्याळ दिलं होतं. सहा महिन्यांत त्याचा गजर बंद पडला. हल्लीच्या मालाला अर्थ नाही म्हणून मी ते टेबलाच्या ड्रॉवरमध्ये फेकलं. हिला घड्याळाची गरजच नाही.

मग लागलो कामाला. पाठीमागची फळी काढली. आतल्या विजेचा फटका जीवघेणा, वीज एका हातातून दुसऱ्यात छातीमार्गे जाऊ नये म्हणून डावा हात कायम खिशात. ही सवय गुरूंनी लावलेली. एकेक व्हॉल्व्ह काढून पाहिला, टिचक्या मारल्या, आवाजाचं बटण शून्यावर नेलं, मग पूर्ण फिरवलं. काही नाही. हलकी खरखर, तब्येत चांगली असल्याची. जोडण्या पुन्हा सोल्डर केल्या, उगाच. जेवलो, परत बसलो. पाठ मोडून आली, डोळे चुरचुरायला लागले, आणि मनातल्या मनात मी बाईंना नको नको ते बोललो. लोकांना हल्ली काहीही ऐकू येतं. मागच्या वर्षी एकाने अशीच तक्रार आणली होती, त्याला मी सरळ सांगितलं होतं, आधी कानातला मळ काढून ये.

तीन वाजता भिंतीपलीकडचं मशीन थांबलं.

"अहो," बायको दारात आली, "ते जरा बंद ठेवा ना. सकाळपासून डोकं उठलंय माझं."

"काय बंद ठेवू?"

"ती शिट्टी."

मी हातातली पेन्सिल खाली ठेवली. "तुला ऐकू येते?"

"न यायला काय झालं? बाईंचा डबा पहिल्यांदा दुरुस्त केलात ना, तेव्हापासून इथे आला की वाजते. मला वाटलं, तुम्ही त्याच्यावरच काम करताय."

मी तिला भिंतीकडे तोंड करून बसवलं. म्हटलं, वाजली की हात वर कर. आणि न बोलता, मनाला येईल तेव्हा आवाज तात्पुरता तोडणारं मधलं बटण चालू-बंद करत राहिलो, स्पीकरला कान लावून. दहा वेळा केलं. दहाही वेळा तिचा हात बरोबर वर गेला. माझ्या कानाला दहाही वेळा तीच हलकी खरखर.

मग फडकं काढलं आणि यंत्र लावलं. पडद्यावर शिट्टी दिसली. चांगली जाड, ठसठशीत रेघ.

पाचला दोन तासच होते.

"इथेच बस," मी म्हणालो. "कमी झाली की सांग."

लाकडी काडीने मी आतल्या वायरी एकेक करून हलवल्या. ती डोळे मिटून बसली होती. "तशीच... तशीच... वाढली... अहो, ही! ही गेली." काडी माझ्याच बांधलेल्या जुडग्यावर होती. आत जाणाऱ्या आवाजाची आणि बाहेर येणाऱ्या आवाजाची, दोन्ही वायरी मी शेजारी शेजारी आवळून बांधल्या होत्या. एकीचं दुसरीत घुसत होतं. बनवणाऱ्याने त्या वेड्यावाकड्या सोडल्या होत्या त्या याचसाठी. नवशिक्यालाही हे माहीत असतं. मी विसरलो असेन, पण विसरल्याचं ऐकू तरी यायला हवं होतं.

दोरा कापला. वायरी होत्या तशा दूर केल्या.

बाई पाचला आल्या, गिटार लावली, दोन सूर वाजवून थांबल्या आणि शांतता ऐकत राहिल्या. मग हसल्या. "गेली. शेवटी कान तो कान."

'हो' म्हटलं असतं तर संपलं असतं. खरंच दमलो होतो.

"चूक माझीच होती," मी म्हणालो. "आणि सापडली ती हिला. मला ती आताही ऐकू आली नसती."

बाई गिटार पिशवीत घालत म्हणाल्या, "मग पुढच्या वेळी आणेन तेव्हा वहिनींनाही बोलवा." आणणार म्हणाल्या, तेवढं मला पुरलं. बायको मान खाली घालून दोऱ्याचे तुकडे गोळा करत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी करताना एक गोष्ट डोक्यात आली आणि हात थांबला. तोंड पुसून ड्रॉवर उघडला. तळाशी, जुन्या व्हॉल्व्हच्या खोक्यांखाली, लेकीने दिलेलं घड्याळ होतं. चालू होतं. नऊला एक मिनिट कमी. मी ते हातात घेऊन बसलो. आकडे बदलले, कोपऱ्यातली छोटी घंटा लुकलुकायला लागली. कानाला लावलं. दुसऱ्या कानाला लावलं.

भिंतीपलीकडचं मशीन थांबलं. बायको आली, एका हातात गोळी, दुसऱ्यात पेला. माझ्याकडे पाहिलं, पेला टेबलावर ठेवला. माझ्या मुठीतून घड्याळ हळूच काढून घेतलं आणि बटण दाबलं.

"झालं वाजून," ती म्हणाली. "घ्या गोळी."