बंद पाइपमधलं पाणी

२०२३ सालची खंडेनवमी. चिकलठाण्याच्या कारखान्यात साफसफाई करणाऱ्या आवडाबाईंनी झेंडूचा ओला हार बादलीतून काढला, एकदा झटकला आणि मीटरला घातला.

मीटर पारदर्शक पाइपवर पट्ट्यासारखा बसवलेला होता. एरवी त्या पाइपमधून तेल, पाणी आणि हवा घुसळत धावत. आज यंत्रांची पूजा, म्हणून पंप बंद. खाली पाणी, त्यावर तेल, वर हवा असे थर निवांत पडले होते. तिघांचं माप वाहता वाहता सांगणारा हा मीटर इंजिनियर करुणाने तीन वर्षं खपून घडवला होता. दुपारी तो खरं बोले. सकाळी मात्र हटकून पाणी जास्त दाखवी. दसऱ्यानंतर तेलविहिरींच्या कंपनीचे पाहुणे तपासणीला येणार होते. या खेपेला जमलं नाही तर हे काम बंद, असं मालक काकासाहेबांनी बजावलं होतं.

सकाळी तेल-पाणी मोजून पाइपमध्ये सोडायचा राजेंद्र. “मीटर ठीक आहे, माप राजेंद्रचं चुकतंय,” असं करुणाने काकासाहेबांना सांगून टाकलं होतं. राजेंद्र दोनदा नाही म्हणाला, मग बोलायचाच बंद झाला.

आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यापासून करुणाच्या घरात पूजाअर्चा नव्हती. सगळे हात जोडून उभे राहिले, तेव्हा ती मागे स्टुलावर बसून मीटरच्या पडद्याकडे बघत राहिली.

“ताई, पेढ्यावर तर राग नाय ना तुमचा?” आवडाबाईंनी विचारलं.

करुणाचं लक्षच नव्हतं. पडद्यावर पाण्याचा आकडा चढला होता. बंद पाइपमध्ये पाणी वाढेल कसं?

“हार काढा.”

आरती अर्ध्यावर थांबली.

“अगं बया! आताच तर घातला!”

“काढा, आवडाबाई,” काकासाहेब म्हणाले.

हार निघाला, आकडा उतरला.

“आता परत घाला.”

“देवाशी खेळता व्हय?” आवडाबाईंनी पुटपुटत हार घातला. आकडा पुन्हा चढला.

करुणा उठली. हार बाजूला करून तिने ओलं बोट पट्ट्याच्या कडेवर टेकवलं. आकडा हलला. मीटर पाइपच्या बाहेरचं पाणीही मोजत होता.

“पण सकाळी इथं पाणी येतं कुठून?”

“येतंय कुठून? मीच पुसते की ओल्या फडक्यानं. धूळ लई बसती. काय चुकलं का?”

करुणाने राजेंद्रकडे पाहिलं. तो खाली मान घालून पेढ्यांचा पुडा सोडत होता.

“नाही हो,” ती म्हणाली, “छान पुसता.”

बाहेरचं पाणी मीटरला जाणवू नये म्हणून त्याच्या कडा तांब्याच्या पत्र्याने झाकल्या. पाहुणे आले त्या सकाळी करुणाने आधी आवडाबाईंना फडकं मारायला लावलं. आकडा जागचा हलला नाही.

पुढे काकासाहेबांनी कारखाना लेकीवर सोपवला. आता ते खुलताबादकडच्या शेतावरच जास्त असतात. आवडाबाई मुकुंदवाडीला मुलाकडे राहतात आणि मोठ्या पाहुण्यांपुढं आपल्याला बोलावलं होतं, हे कौतुकाने सांगतात. कशाला बोलावलं होतं, हे त्यांना आजही ठाऊक नाही. करुणा मीटरच्या विभागाची प्रमुख झाली.

राजेंद्रने मात्र त्याच दिवाळीनंतर पैठणला पाणीपुरवठ्याचं काम धरलं. निघायच्या दिवशी करुणा फाटकापर्यंत गेली.

“आता कशाला जातोस? सगळं तर सुटलं.”

“व्हय मॅडम,” डबा पिशवीत ठेवत तो म्हणाला, “मीटरचं सुटलं.”