दांडा सुटणार नाही

“आटे पडले ना? मग दांडा काढ. नट बसतो का ते गिऱ्हाइकाला दाखवतो,” म्हणत सासऱ्यांनी लेथवर दांडा आवळून धरणाऱ्या चकची किल्ली पुढे केली.

सुनेने ती घेतली आणि खिशात टाकली. चकमधून सुटलेला दांडा परत तसाच बसत नाही. पुन्हा कापायला घेतला की नवे आटे जुन्यांवर आडवे जातात. मागचा दांडा असाच भंगारात गेला होता, आणि खापर तिच्या माथी फुटलं होतं.

“गिऱ्हाइकालाच आत बोलवा. नट घेऊन.”

सासरे धुमसत गेले. गिऱ्हाईक आलं. नट अर्ध्यावर अडला. तिने लेथच्या कॉम्प्युटरवर आकडा बदलला, लेथने केसभर आणखी कापलं, आणि नट अलगद शेवटपर्यंत फिरला.

“आता तरी काढ,” सासरे म्हणाले.

तिने गिऱ्हाइकादेखत किल्ली त्यांच्या हातावर ठेवली. “तुम्हीच काढा. मागचाही तुम्हीच काढला होता.”