सोमवारचे सेल

जपानमधल्या आमच्या गावातली सगळी सलूनं सोमवारी बंद, बाबांचंही. त्या दिवशी बाबा न चुकता एक काम करायचे, आईच्या हातात मावणाऱ्या व्हिडिओ गेमचे सेल बदलायचे. आई गेल्यापासून एकही सोमवार चुकला नाही. “आत तिचे राक्षस आहेत,” ते म्हणायचे, “उपाशी कशाला ठेवायचे?”

आई अजब बाई होती. गिऱ्हाईक नसलं की खिडकीच्या उजेडात बसून ती राक्षस गोळा करायची. गेममधल्या रानात राक्षस भेटला की मांसाचा तुकडा टाकायचा, तो आपणहून मागे येई. मग अशा दोघांचं लग्न लावायचं. लग्न हा तिचाच शब्द. ते लागलं की नवरा-नवरी पडद्यावरून कायमची जात आणि मागे एक अंडं राही. त्यातल्या पोराला आईबापांच्या विद्या येत. खुर्चीतून म्हातारे विचारायचे, “वहिनी, आज कुणाचा बार उडवला?” बाबा मात्र त्या पडद्याकडे ढुंकून बघत नसत. म्हणे डोळे दुखतात.

एका ढेरपोट्या बेडकाचं लग्न तिनं कधीच लावलं नाही. “हा राहू दे माझ्यापाशी,” म्हणायची.

मला ओसाकात नोकरी लागली त्या वसंतात विजेच्या दुकानातले त्सुबोई-सान दाढीला आले. बाबा त्यांच्याकडूनच सेल घेत.

“तोकिजी, वेडा का तू?” साबणाच्या फेसातून ते म्हणाले. “या सेलवर नुसता पडदा चालतो. आठवण राहते ती कॅसेटच्या पोटातल्या बटणाएवढ्या सेलवर. तो संपला की सगळं साफ. बदलायला काढलास तरी साफ.”

बाबांचा वस्तरा हवेतच थांबला.

एक वाट होती. माझ्याकडे त्याच गेमची नवी कॅसेट होती. दोन गेम केबलने जोडले तरी राक्षस नुसता देता येत नसे, पण लग्न लावता येई, आणि अंडं माझ्याकडे येई. फक्त दोन्हीकडून ‘हो’ दाबावं लागे. सोमवारी बंद दुकानात आम्ही शेजारशेजारच्या खुर्च्यांत बसलो. बाबांकडे बेडूक, माझ्याकडे नवरी, एक काटेरी कोल्ही.

“बाबा, ‘नाही’ दाबलंत.”

“बोट घसरलं.”

“परत ‘नाही’?”

“वस्तऱ्यावर नाही घसरत. या बटणावर घसरतं, त्याला मी काय करू?” त्यांनी गेम मांडीवर ठेवला. “राहू दे, मिसाको. तिनं जे लावलं नाही ते लावणारा मी कोण? बेडूक तिचा आहे. आहे तोवर असू दे.”

माझं डोकंच फिरलं. “मग एक दिवस पडदा कोरा निघेल, आणि तुम्ही बसा सेल बदलत!”

बोलले आणि वाईट वाटलं. बाबांनी चष्मा लावला, उठून खिडकीशी गेले आणि पहिल्यांदाच पडदा उजेडाकडे धरला.

“हे माझं नाव इथे कशाला?”

“बेडकाचं आहे ते.”

“बेडकाचं?”

“तुम्हाला माहीत नव्हतं? अख्ख्या गावाला माहीत होतं. ढेरी बघा ना त्याची.”

“करतो काय हा?”

“कुणाला मारत नाही. समोर येईल त्याला झोपवतो.”

बाबांनी आपल्या दाढीच्या खुर्चीकडे बघितलं. तीस-एक वर्षं त्या खुर्चीत बसलेलं प्रत्येक गिऱ्हाईक पाच मिनिटांत घोरायला लागायचं, आणि आई गालातल्या गालात हसायची. “अशी होती ही फुमिए,” म्हणून ते हसले. हसता हसता त्यांचा आवाज चिरकला. त्यांनी टॉवेल गरम ठेवायच्या पेटीतून एक टॉवेल काढला आणि गिऱ्हाइकासारखा स्वतःच्या तोंडावर टाकून खुर्चीत बसले. सोमवारी पेटी बंद असते, टॉवेल गारच होता. मलाही रडू आवरेना.

“म्हणजे जायचंय ते मलाच ना?” टॉवेलखालून आवाज आला.

“हो.”

“मग अडलंय कुठं!”

तोंड पुसून त्यांनी ‘हो’ दाबलं. घंटा वाजल्या, बेडूक गेला, कोल्ही गेली. माझ्या पडद्यावर अंडं आलं. त्याच्याखाली वंशावळ उमटली: बाप तोकिजी, सांभाळणारी फुमिए.

पुढच्या सोमवारी ओसाकात फोन वाजला. बाबांनी ना जेवणाचं विचारलं, ना खोलीचं.

“पोर काय करतं गं?”

“नख्या आहेत, दात आहेत,” मी म्हटलं, “पण लढाईत समोरच्याला झोपवतं.”

“माझ्यावर गेलंय,” बाबा म्हणाले.